टी-शर्टवरची ती कवटी कुणाची? ग्रेटफुल डेड आणि त्यांच्यामागे गावोगाव फिरलेले श्रोते

कॉलेज सुटायच्या वेळी सांगलीत विश्रामबागेत उभं राहिलं, की एखाद्या तरी पोराच्या अंगावर तो टी-शर्ट दिसतो. पांढरी कवटी, कपाळावर मोठा गोल, गोलाचा अर्धा भाग लाल, अर्धा निळा आणि मधून नागमोडी पांढरी वीज. कुणाचं चित्र आहे विचारलं, तर "काय की, डिझाइन भारी वाटलं म्हणून घेतला," हे उत्तर ठरलेलं.

दुसऱ्या टोकाला तबला ऐकणारी जुनी मंडळी. १५ डिसेंबर २०२४ ला झाकीर हुसेन सॅन फ्रान्सिस्कोत गेले, तेव्हा त्यांच्यावरच्या लेखांत मिकी हार्ट हे नाव येत होतं. हा गोरा ड्रमवाला कोण आणि झाकीरभाईंचा त्याच्याशी एवढा घरोबा कसा, असं मिरजेतल्या एका ज्येष्ठ रसिकानं मला विचारलं. पोराच्या टी-शर्टाचं आणि या आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर एकच आहे: ग्रेटफुल डेड नावाचा अमेरिकन रॉक बँड. त्या बँडपेक्षाही त्याचे श्रोते जास्त विलक्षण होते, म्हणून हा लेख मुख्यतः त्यांच्याविषयी.

आधी बँडची ओळख

१९६५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या पाच तरुणांनी हा बँड काढला. जेरी गार्सिया गिटार वाजवायचा आणि गायचा. बॉब वीअर दुसरी गिटार, फिल लेश बेस, बिल क्रॉइट्झमन ड्रम, आणि 'पिगपेन' या टोपणनावानं ओळखला जाणारा रॉन मॅकर्नन ऑर्गन आणि माउथऑर्गन. १९६७ मध्ये मिकी हार्ट आला आणि एका बँडमध्ये दोन ड्रमवाले झाले. रॉबर्ट हंटर हा त्यांचा कवी. स्टेजवर नसायचा, पण बरीचशी गाणी त्याची. ९ ऑगस्ट १९९५ ला गार्सिया वयाच्या ५३ व्या वर्षी गेला आणि त्याच डिसेंबरात बाकीच्यांनी ते नाव थांबवलं. तीस वर्षांत सुमारे २,३०० कार्यक्रम झाले.

आता कोडं बघा. हिट गाणी म्हणाल, तर अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या दहांत त्यांचं एकच गाणं गेलं. तेही १९८७ मध्ये, बँड बावीस वर्षांचा झाल्यावर, आणि नवव्या क्रमांकापर्यंत. १९६९ च्या प्रसिद्ध वुडस्टॉक महोत्सवात ते वाजवायला होते, पण पाऊस, ओलं स्टेज, विजेचे झटके यांत सगळं इतकं फसलं की पुढे बँडवालेच त्याची थट्टा करायचे. असं असताना हजारो लोक सुट्ट्या काढून, कॉलेज बुडवून, काही तर नोकरी सोडून एका शहरातून दुसऱ्या शहरात या बँडच्या मागे जात राहिले. एखाद्या माणसानं हाच बँड शंभर-दोनशे वेळा ऐकलेला असणं यात त्यांना विशेष वाटत नसे. या श्रोत्यांना अमेरिकेत 'डेडहेड' म्हणतात.

अशा बँडला 'कल्ट बँड' म्हणतात: ज्याला सगळा देश ओळखत नाही, पण जे ओळखतात ते सोडत नाहीत.

गाणं तेच, मग पुन्हा का ऐकायचं?

बहुतेक रॉक बँडचा दौरा ठरलेला असतो. वीसेक गाणी, त्याच क्रमानं, तेच दिवे, दोन गाण्यांच्या मधली तीच वाक्यं. डेन्व्हरला पाहिलं काय आणि बॉस्टनला पाहिलं काय. दुसऱ्यांदा तिकीट काढणारा एकतर प्रेमात तरी असतो नाहीतर पाहुणा म्हणून तरी आलेला असतो.

डेडचं उलट होतं. आज काय वाजवायचं हे बहुधा स्टेजवर चढल्यावर, एकमेकांकडे बघत ठरायचं. पोतडीत शंभरावर गाणी, आणि आज वाजवलेलं गाणं सहसा पुढचे दोन-तीन कार्यक्रम पुन्हा यायचं नाही. म्हणजे एका गावात सलग तीन रात्री मुक्काम असेल, तर तीन वेगळे कार्यक्रम. पहिल्या भागात छोटी गाणी, मध्यंतर, मग दुसऱ्या भागात एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात न थांबता जाणारा लांबलचक प्रवास.

यातला मुख्य प्रकार म्हणजे 'जॅम'. गाण्याचे शब्द संपले की गाणं मोकळं सोडायचं आणि सगळ्यांनी मिळून तिथल्या तिथे पुढचं रचत जायचं. हे इंग्लंड-अमेरिकेतल्या वाचकाला समजावायला पानं खर्ची पडतात. मिरजेत नाही. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये गेले, इथल्या दर्ग्याच्या आवारातच त्यांची कबर आहे, आणि त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी तिथे गायक-वादक हजेरी लावतात. तिथे मांडी घालून बसलेला रसिक "हा पूरिया गेल्या साली ऐकला की, आता कशाला?" असं म्हणतो का? राग तोच, बंदिशही कदाचित तीच. आज तो कुठल्या वाटेनं जाईल हे बघायला माणूस येतो, आणि ती वाट गाणाऱ्यालाही आधी पुरती ठाऊक नसते. डेडहेड नेमका यासाठीच पुढच्या गावाला जायचा.

फरक आहे, आणि तो मोठा आहे. आपल्या मैफलीत एक जण पुढे, बाकीचे साथीला. डेडमध्ये साथीदार कुणीच नाही. बेसनं मागे राहून ठेका धरावा अशी अपेक्षा असते, तर फिल लेश स्वतःचीच धून काढत असायचा. पाच-सहा जण एकाच वेळी आपापलं बोलतायत आणि त्यातून एक संभाषण व्हायला हवं. जमलं तर अंगावर काटा. नाही जमलं तर दहा-दहा मिनिटं नुसतं चाचपडणं. पुष्कळदा जमायचं नाही, हे डेडहेड स्वतःच सांगतात. गाण्यात सूरही सर्रास पडतात. किराणा घराण्याच्या कानाला ते सोसायचं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

एक उदाहरण पुरे. 'डार्क स्टार' हे त्यांचं गाणं १९६८ मध्ये तबकडीवर आलं तेव्हा तीन मिनिटांच्या आत संपत होतं. पुढच्याच वर्षीच्या लाइव्ह अल्बमवर ते २३ मिनिटांचं आहे. मग पुढे कित्येक वर्षं ते जवळपास गायबच झालं. ऑक्टोबर १९८९ मध्ये व्हर्जिनिया राज्यात हॅम्प्टनला ते अचानक परत आलं. त्या रात्रीच्या रेकॉर्डिंगमध्ये पहिले काही सूर ओळखल्याबरोबर लोकांनी केलेला गलका आहे, तो मुद्दाम ऐकावा. गाजलेल्या गाण्याला पडणाऱ्या टाळ्या वेगळ्या. इथे हजारो माणसं पाच वर्षं वाट बघत होती, हे त्या आवाजातच कळतं.

झाकीरभाई यात कुठे आले?

मिकी हार्टची १९६७ मध्ये झाकीरभाईंचे वडील, तबलावादक उस्ताद अल्लारखाँ यांच्याशी गाठ पडली आणि तो त्यांच्याकडे शिकला. त्याचा परिणाम लगेच दिसला. रॉकची गाणी बहुतेक चारच्या गणितात चालतात. डेडनं थेट अकरा मात्रांचं गाणं बांधलं आणि त्याचं नावही 'द इलेव्हन' ठेवलं. पुढे झाकीरभाई कॅलिफोर्नियात आले आणि हार्टबरोबर त्यांनी दिगा रिदम बँड केला. १९७६ च्या त्यांच्या अल्बमवर गार्सियाची गिटारही आहे. त्यातलीच एक धून नंतर शब्द घेऊन 'फायर ऑन द माउंटन' झाली आणि डेडच्या कार्यक्रमांत शेकडो वेळा वाजली. म्हणजे अमेरिकेतली लाखभर पोरं ज्या गाण्यावर नाचली, त्याचं मूळ एका तबलजीच्या संगतीत आहे. १९९१ चा 'प्लॅनेट ड्रम' हा अल्बम हार्ट आणि झाकीरभाईंचाच. जागतिक संगीताच्या अल्बमसाठीचं पहिलं ग्रॅमी त्याला मिळालं.

१९७० च्या दशकाच्या शेवटापासून डेडच्या प्रत्येक कार्यक्रमाच्या दुसऱ्या भागात बाकीचे स्टेज सोडून जायचे आणि दोघे ड्रमवालेच वाजवत राहायचे. स्टेडियमभर लोकांसमोर, नुसता ताल.

रेकॉर्डिंगला बंदी नाही, उलट जागा राखीव

माझ्या मते डेडच्या गोष्टीचा खरा कणा हा आहे.

सुरुवातीपासून काही श्रोते टेपरेकॉर्डर लपवून आत न्यायचे. बाकी सगळ्या बँडचे रखवालदार अशांना बाहेर काढत, टेप जप्त करत. डेडनं आधी काणाडोळा केला आणि ऑक्टोबर १९८४ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या कार्यक्रमात, चक्क वेगळी जागाच आखून दिली. साउंडबोर्ड, म्हणजे स्टेजवरचे सगळे माइक जिथे येऊन मिळतात आणि आवाजाचा तोल राखला जातो ते टेबल, त्याच्या मागे. तिथे तिकीट काढून बसणाऱ्यांना 'टेपर' म्हणायचे. उंच दांड्यांवर माइक लावलेले, खाली बॅटरीवर चालणारे रेकॉर्डर, आणि शेजाऱ्यानं शिट्टी मारली की दहा जणांची एकदम रागावून मान वळायची. नियम एकच होता: विकायचं नाही. वाटा, अदलाबदल करा, पण पैसे घेऊ नका.

मग त्या टेपचं काय व्हायचं ते बघण्यासारखं आहे. कार्यक्रम तीनेक तासांचा, म्हणजे ९० मिनिटांच्या दोन कॅसेट. घरी दोन डेक तारेनं जोडायचे, एकात मूळ, दुसऱ्यात कोरी, आणि लाल बटण दाबून बसायचं. तीन तासांची टेप उतरवायला तीन तासच लागतात. मध्ये बाजू पालटायला उठायचं. कॅसेटच्या पुठ्ठ्यावर बारीक अक्षरात तारीख, गाव, सभागृह, गाण्यांचा क्रम, आणि एक आकडा: ही मूळ टेपची कितवी नक्कल. कारण दर नकलेगणिक मागची खरखर वाढते, आणि देणाऱ्यानं ते लपवणं वाईट समजलं जायचं. नवखा माणूस, ज्याच्याकडे बदल्यात द्यायला काहीच नाही, तो कोऱ्या कॅसेट आणि परतीच्या टपालाची तिकिटं पाठवायचा. समोरचा अनोळखी माणूस आपले तीन तास खर्चून त्या भरून पाठवायचा. फुकट.

सांगली-मिरजेच्या जुन्या घरांत, कपाटाच्या वरच्या कप्प्यात, खासगी मैफलींच्या अशा कॅसेट आजही आहेत. त्यांचे मालकही मला माहीत आहेत. पण आपल्याकडची रीत निराळी: टेप आहे एवढं सांगायचं, बोलावून अर्धा तास ऐकवायची, आणि नक्कल मागितली की विषय बदलायचा.

डेडच्या टेपांतली सगळ्यात प्रसिद्ध आहे ८ मे १९७७ ची, न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमधली. ती श्रोत्यांत बसून घेतलेली नाही. बेटी कँटर-जॅक्सन ही बँडची ध्वनितंत्रज्ञ, तिनं थेट साउंडबोर्डवरून रिळांवर घेतलेली. पुढे तिचं सामान भाड्याच्या गोदामात होतं, भाडं थकलं, आणि १९८६ मध्ये त्या सामानाचा लिलाव झाला. रिळांच्या पेट्या अनोळखी माणसांच्या हाती गेल्या. काहींनी त्या दुरुस्त केल्या, नकला निघाल्या आणि टेपरांच्या साखळीतून देशभर पोचल्या. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या २०११ च्या यादीत हे रेकॉर्डिंग घेतलं. अल्बम म्हणून ते अधिकृतपणे २०१७ मध्ये बाजारात आलं. म्हणजे सरकारी ग्रंथालयानं जी गोष्ट ठेवा मानली, ती तोवर कुठल्या दुकानात विकत मिळतच नव्हती.

पत्ता कळवा, पाकीट पाठवा

१९७१ च्या एका अल्बमच्या वेष्टनावर बँडनं निवेदन छापलं. आशय असा: तुम्ही कोण, कुठे असता, कसे आहात? नाव-पत्ता कळवा, आम्ही तुम्हाला खबर देत राहू. पत्रांचा ढीग आला, यादी तयार झाली, बँडकडून बातमीपत्रं जाऊ लागली. इंटरनेटच्या वीस-पंचवीस वर्षं आधी या मंडळींकडे आपल्या श्रोत्यांचे थेट पत्ते होते. रेकॉर्ड कंपनी मध्ये नाही, वर्तमानपत्र नाही.

१९८३ पासून तिकिटंही बँड स्वतः टपालानं विकू लागला. त्याची पद्धत एखाद्या सरकारी अर्जासारखी काटेकोर होती. ठरलेल्या मापाच्या कार्डावर नाव-पत्ता आणि हवी ती तारीख, पोस्टाची मनीऑर्डर, परतीचं पाकीट. एखादी गोष्ट चुकली की अर्ज बाद. मागणी तिकिटांपेक्षा जास्त, त्यामुळे लोकांनी एक शक्कल काढली: पाकिटावर चित्रं काढायची. सांगाडे, गुलाब, नाचणारी अस्वलं, जलरंगात, स्केचपेननं, तासन् तास बसून. त्यानं तिकीट मिळायची शक्यता खरंच वाढायची की नाही कुणास ठाऊक, पण ही पाकिटं फेकली गेली नाहीत. आज ती सांताक्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, डेडच्या संग्रहात जपून ठेवली आहेत.

पार्किंगमधलं गाव

कार्यक्रम संध्याकाळचा, पण लोक सकाळपासून स्टेडियमच्या पार्किंगमध्ये. तिथे रांगेनं दुकानं लागायची: गाठी मारून रंगवलेले टी-शर्ट, मणी, चीज घालून तव्यावर भाजलेला ब्रेड, भाज्या भरलेले बरिटो. या रांगेला बँडच्याच एका अल्बमवरून 'शेकडाउन स्ट्रीट' म्हणायचे. विकणारे स्वतः डेडहेडच. आज शंभर सँडविच खपली की पुढच्या गावचं पेट्रोल आणि तिकीट सुटलं, एवढाच हिशेब. काही जण तर्जनी उंच धरून गर्दीत फिरायचे, तोंडानं काही न बोलता. अर्थ सगळ्यांना ठाऊक: एक तिकीट हवंय, जमलं तर फुकट. आणि कुणीतरी द्यायचंही.

हे सगळं इतकं पक्कं झालं की १९८९ मध्ये रेबेका ॲडम्स या समाजशास्त्राच्या प्राध्यापिका नॉर्थ कॅरोलिनाच्या आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन डेडच्या दौऱ्यावर गेल्या, अभ्यास म्हणून. अशा अभ्याससहलीला आपल्याकडे कुठलं विद्यापीठ मंजुरी देईल, याचा विचार करून पाहावा.

"सगळे नशेतच असणार!"

ही शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर गुळमुळीत देण्यात अर्थ नाही. नशा होती, भरपूर होती. १९६५-६६ मध्ये ज्या पार्ट्यांत हा बँड घडला, तिथे एलएसडी उघड वाटलं जाई. कॅलिफोर्नियात त्यावर बंदी आली ऑक्टोबर १९६६ मध्ये. त्यांचा सुरुवातीचा ध्वनितंत्रज्ञ ऑस्ली स्टॅनली एलएसडी बनवण्यासाठीच प्रसिद्ध होता आणि तुरुंगातही गेला. पिगपेन दारूपायी २७ व्या वर्षी गेला, १९७३ मध्ये. कीबोर्ड वाजवणारा ब्रेंट मिडलँड १९९० मध्ये अमली पदार्थांच्या अतिसेवनानं. गार्सिया हेरॉइनच्या विळख्यात वर्षानुवर्षं होता आणि व्यसनमुक्ती केंद्रातच हृदयविकारानं गेला. यात रम्य काही नाही.

पण सगळं श्रेय किंवा खापर नशेवर फोडलं, तर मग त्या काळातल्या दुसऱ्या बँडचं काय? नशा सगळ्यांच्याच कार्यक्रमांत होती. तीस वर्षं मागे फिरणारे श्रोते फक्त यांनाच मिळाले. आणि डेडहेडांतच 'व्हार्फ रॅट्स' नावाचा गट होता, व्यसन सोडलेल्यांचा. मध्यंतरात ते ठरलेल्या जागी पिवळे फुगे लावून जमायचे, एकमेकांना धीर द्यायचे आणि दुसरा भाग ऐकायला परत आत जायचे. नशेसाठीच यायचं असतं, तर ती सोडल्यावर कशाला आले असते?

"फुकट वाटून पोट भरतं का?"

भरलं, आणि चांगलं भरलं. टेप ऐकून माणूस तृप्त होत नव्हता, त्याची भूक वाढत होती. बोस्टनची टेप ऐकली की आपल्या गावी आल्यावर तिकीट काढायचंच. कमाई रेकॉर्डपेक्षा तिकिटांवर होती, आणि १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत सर्वाधिक कमाई करणाऱ्या दौऱ्यांत डेडचं नाव अगदी वर असायचं.

त्याहून मजेशीर गोष्ट पुढची. जे रेकॉर्डिंग फुकट मिळतं, तेच लोक विकतही घेतात. बँडच्या तिजोरीतल्या जुन्या कार्यक्रमांचे अल्बम अजून निघत असतात. त्यांच्या जोरावर फेब्रुवारी २०२४ मध्ये डेडचा ५९ वा अल्बम अमेरिकेच्या पहिल्या चाळिसांत गेला आणि एल्विस प्रेस्ली, फ्रँक सिनात्रा यांना मागे टाकून तो विक्रम झाला. एका हिट गाण्याच्या बँडनं!

कुरबुरी झाल्याच नाहीत असं नाही. इंटरनेट अर्काइव्ह या मोफत संग्रहावर हजारो कार्यक्रम होते. नोव्हेंबर २००५ मध्ये ते उतरवून घेण्याची सोय एकाएकी बंद झाली, डेडहेड खवळले, आणि लगेच तडजोड निघाली: श्रोत्यांनी घेतलेलं रेकॉर्डिंग उतरवून घ्या, साउंडबोर्डचं मात्र तिथेच ऐका. स्वतःच्या श्रोत्यांनाच एकदा दिलेला हक्क परत काढून घेणं किती अवघड असतं ते तेव्हा दिसलं.

घात केला तो गर्दीनं

१९८७ च्या त्या एकमेव हिट गाण्यानं जे आणलं, ते बँडला पेललं नाही. आता येणाऱ्यांत पार्किंगच्या जत्रेसाठीच येणारे खूप झाले, तिकीट नसलेले. गावोगावचे नगरपालिकावाले आणि पोलीस वैतागले. १९८९ मध्ये बँडनंच विनंती केली: इथे मुक्काम करू नका, दुकानं लावू नका. वर ज्या हॅम्प्टनचा उल्लेख केला, तिथले कार्यक्रम तर बँडनं आपल्या जुन्या 'वॉरलॉक्स' या नावानं, आयत्या वेळी जाहीर केले. हेतू हाच की बाहेरची झुंबड येऊ नये.

२ जुलै १९९५ ला इंडियाना राज्यात डिअर क्रीक इथे बिनतिकिटाच्या जमावानं कुंपण पाडलं. दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम रद्द करावा लागला. ९ जुलैला शिकागोत शेवटचा कार्यक्रम झाला. शेवटचा आहे हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं.

हे अमेरिकेतच का?

डेड परदेशी गेले नाहीत असं नाही. १९७२ मध्ये युरोपचा मोठा दौरा केला, १९७८ मध्ये तर इजिप्तमध्ये पिरॅमिडच्या पायथ्याशी वाजवलं. पण मागे फिरणारी जमात तिथे तयार झाली नाही. कारण साधं आहे. त्यासाठी एक भला मोठा देश लागतो, जिथे हजार मैल गेलं तरी भाषा आणि चलन तेच. १९५६ च्या कायद्यानंतर बांधलेले रुंद महामार्ग, स्वस्त पेट्रोल, जुनी व्हॅन, लांब उन्हाळी सुट्टी आणि प्रत्येक मध्यम शहरात मोठं इनडोअर स्टेडियम, एवढं एकत्र आलं तेव्हा वर्षाला सत्तर-ऐंशी कार्यक्रम करणाऱ्या बँडच्या मागे जाणं शक्य झालं. हौस सगळीकडे असते. सोय तिथे होती.

"आपल्याकडे असं का होत नाही?"

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात, त्यामुळे हा प्रश्न मला जरा उलटाच वाटतो. होत होतं की! बालगंधर्व याच जिल्ह्यातल्या नागठाण्याचे. त्यांचं एकच नाटक पुन्हा पुन्हा पाहणारे लोक होते, कथानक पाठ असूनही. पद तेच, पण आजची तान कालची नसायची, आणि वन्समोअर दिला की तिसरीच यायची. मूकपणे बघत बसणारा प्रेक्षक तो नव्हता; नाटक किती वाजता संपणार हे तोच ठरवायचा.

मध्ये काय झालं, तर ध्वनिमुद्रित गाणं हे मूळ आणि समोरचं गाणं ही त्याची नक्कल, असा आपला समज झाला. गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्राला आपली सर्वोच्च दाद कोणती? "अगदी कॅसेटसारखं वाजवलं!" गायकानं एखादी जागा वेगळी घेतली की मागून कुणीतरी "चुकला" म्हणतं. अशा ठिकाणी कलावंत दुसऱ्यांदा वेगळं करणार नाही, आणि श्रोता दुसऱ्यांदा येणार नाही. दोघांचीही यात चूक नाही, सवय आहे. त्यात रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करायचा असतो. तीन तासांचं स्वच्छंद वादन कुठे बसवायचं? आठ वाजता सुरू होणार म्हणून छापलेला कार्यक्रम साडेनऊला सुरू झाला, तर तेवढंही नाही.

स्वतःची गाणी करणारी पोरं सातारा-सांगलीत आता आहेत. त्यांना डेडकडून उचलण्यासारखं म्हणजे लांब केस किंवा कवटी नाही. मोबाइल वर धरून रेकॉर्ड करणाऱ्याला हाकलू नका, ऐकायला येणाऱ्या पन्नास जणांचे नंबर आपल्याजवळ ठेवा, आणि पुढच्या महिन्यात त्याच पन्नास जणांसमोर तेच गाणं निराळं वाजवून दाखवा. शेवटचं काम सगळ्यात अवघड आहे. त्याला रियाज लागतो.

ऐकायचं असेल तर

एकदम २३ मिनिटांच्या गाण्यापासून सुरुवात करू नका. १९७० मध्ये त्यांचे दोन स्टुडिओ अल्बम निघाले, 'वर्किंगमन्स डेड' आणि 'अमेरिकन ब्यूटी'. गाणी छोटी, बरीचशी अकूस्टिक गिटारवर, चाली लोकगीतांच्या अंगानं जाणाऱ्या. ती कानावर बसली की मग कॉर्नेलच्या ८ मे १९७७ च्या कार्यक्रमाचा दुसरा भाग लावा. त्यातच 'फायर ऑन द माउंटन' आहे. तोही आवडला, तर २७ ऑगस्ट १९७२ चा ऑरेगन राज्यातल्या व्हेनेटाचा कार्यक्रम शोधा. एका डेअरीच्या मदतीसाठी, रणरणत्या उन्हात, उघड्या माळावर केलेला. उन्हानं वाद्यं उतरतायत ते ऐकू येतं, आणि तरी तो त्यांच्या सर्वोत्तम कार्यक्रमांत गणला जातो.

हेडफोन वापरा, म्हणजे बेस काय करतोय ते कळेल. नंतरच्या वर्षांचं रेकॉर्डिंग लावलंत, तर दुसऱ्या भागात नुसत्या ड्रमचा पंधरा-वीस मिनिटांचा तुकडा येईल. तबल्याची आवड असेल तर तो सोडू नका. नसेल तर खुशाल पुढे ढकला. स्टेडियममध्येही अर्धे लोक तेवढ्यात बाथरूमच्या रांगेत उभे असायचे.